हेनामला न पोचणारी गाडी

ग्यू-चलने जुनी गाडी घेतली ती एवढ्यासाठीच, की आई ओक-बूनला हेनाम गावी तिच्या थोरल्या बहिणीकडे नेता यावं. मावशी अंथरुणाला खिळलेली. देवळात या दोघी बहिणी बुद्धाचं भजन आळीपाळीने म्हणायच्या, एक ओळ हिची, एक तिची. "एकदा ये आणि माझ्याबरोबर म्हण गं," एवढंच मावशीचं मागणं होतं.

गाडी दोनदा निघाली आणि दोनदा वाटेतच बंद पडली. चालता चालता इंजिन गप्प! थोड्या वेळाने किल्ली फिरवली की काही झालंच नाही अशी सुरू. पण पुढे जायचा धीर होईना. दोन्ही वेळा मायलेक परत फिरले.

पेक मान-होच्या गॅरेजात मात्र ती शहाण्या सुनेसारखी वागायची. त्याने पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला, कॉम्प्युटर लावून पाहिला. दोष सापडेना.

"दादा, तुला बघून लाजते की काय ही?" ग्यू-चलने विचारलं.

"अरे, मला माझी बायको लाजत नाही, ही कसली लाजते!"

हेनामहून निरोप आला म्हणून मायलेकांनी तिसऱ्यांदा गाडी आणली. मावशीची वाचा गेली. माणूस ओळखते, पण बोलता येत नाही.

त्या दिवशी मान-होने थट्टा केली नाही. इंजिन चालू ठेवून तो एकेक वायर हाताने हलवत गेला. बॉनेटखालचा एकच कोपरा राहिला. तिथे पांढऱ्या धाग्याने गुंडाळलेला सुका मासा लटकत होता. गाडी आली त्या दिवशी ओक-बूनने चाकांवर तांदळाची दारू ओतून, हात जोडून तो बांधला होता. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांच्याकडे गाडीला असा मासा बांधतातच. आणि पूजेच्या वस्तूला हात कसा लावायचा, म्हणून मान-होने आधी दोन्ही वेळा तो कोपरा टाळला होता.

त्याने मान लववली आणि मासा हलकेच ओढला. इंजिन बंद.

धागा सेन्सरच्या वायरीलाच बांधलेला होता. खड्ड्यात मासा झोका घ्यायचा, वायर ओढली जायची, जोड सुटायचा; गाडी थांबली की मासा स्थिर, जोड पुन्हा टेकायचा.

"काकूंना सांगू नकोस," मान-हो पुटपुटला. "वायर सैल होती म्हणू. खोटं नाही ते."

पण ओक-बून मागेच उभी होती.

"मी घट्ट बांधला होता रे," ती म्हणाली. "सुटू नये म्हणून."

"काकू, मी पहिल्याच खेपेला हात लावला असता तर..."

"तू भक्तीनेच लावला नाहीस. देवाने कुठे सांगितलं होतं, इथेच बांध म्हणून? जागा मी निवडली."

मान-होने जोड पक्का बसवला, आणि हेनामपर्यंत गाडी एकदाही अडली नाही. ओक-बूनला पाहून बहिणीचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने बहिणीचा हात हातात घेतला आणि एकटीनेच भजनाला सुरुवात केली. आपली ओळ म्हणायची. मग बहिणीच्या ओळीला लागेल तेवढा वेळ गप्प राहायची. मग पुन्हा आपली.