बावीस आकडे

"अजून गप्पच आहे का तो डबा?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

नोंद कारकुनाने मान हलवली. त्याने कीबोर्डवर पुन्हा 'एटी' टाइप केलं. फोनच्या तारेवरून माहिती पाठवणारा तो मोडेम जागा असला तर 'ओके' म्हणतो, असं माहितीपुस्तकात होतं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"दहाला आकडे गेले पाहिजेत. नाहीतर फोनवर दुसरा माणूस बसवावा लागेल." साहेबांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

नदीवरच्या बावीस ठिकाणची पाणीपातळी तो अकरा वर्षं रोज सकाळी फोनवरून मुख्य कार्यालयाला कळवत होता. आकडे त्याला पाठ असत. पण तो तोतरा होता, ते तोंडातून निघता निघत नसत. पलीकडच्या बाई मात्र कधी मध्ये बोलल्या नाहीत. शब्द पुरा होईपर्यंत थांबायच्या, मग म्हणायच्या, "लिहिलं. पुढे?"

गेल्या आठवड्यात बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या माणसाने याचं "सा... सा..." ऐकून कंटाळून सात लिहून टाकले. होते साठ. चूक तासाभरात सापडली, नुकसान काही झालं नाही. पण यापुढे आकडे तोंडाने सांगायचे नाहीत, असं याने ठरवलं. कार्यालयातल्या युनिक्सच्या मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, मोडेम जोडून आकडे परस्पर पाठवू, हे त्यानेच साहेबांना कागदावर लिहून दिलं होतं.

केबल बदलून झाली होती. आता त्याने मशीनवर चालू असलेल्या प्रोग्रामची यादी काढली, आणि घोळ सापडला. मोडेम जोडला होता त्याच पोर्टवर मशीनने बाहेरून येणाऱ्या फोनची वाट पाहणारा एक प्रोग्राम बसवून ठेवला होता. दार अडवून कुणी उभं असल्यावर आतला बाहेर पडणार कसा? त्याने सेटिंगच्या फाइलमधली ती एक ओळ बंद केली, मशीनला फाइल पुन्हा वाचायला लावली आणि 'एटी' टाइप केलं.

ओके.

मग त्याने नंबर लावला. मोडेममधून आधी घंटी, मग खरखर, किंचाळी, पुन्हा खरखर.

"हाही अडखळतोच की," साहेब म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

कारकून मात्र मनापासून हसला. "ओ... ओळख करून घेतोय."

जोडणी झाली. लॉगिन झालं. फाइल गेली. रोज वीस मिनिटं खाणारं काम मिनिटभरात उरकलं.

आकडे नीट पोचले का, हे विचारायला एक फोन करणं भागच होतं. रजेवरून परतलेल्या बाईंनी सगळे बावीस वाचून दाखवले.

"ब... बरोबर."

"म्हणजे उद्यापासून फोन नाही तुमचा."

"नाही."

बाईंनी फोन ठेवला नाही. अकरा वर्षांत दोघांमध्ये आकड्यांशिवाय काही बोलणं झालं नव्हतं. त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तु... तुमच्याकडे... ऊ... ऊ..."

बाई थांबल्या.

"...ऊन आहे का आज?"

"आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलावरच पडलंय."