टॉवेलाच्या मापाने घेतलेली

मित्रांनो, ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्यासाठी वस्तू निवडताना मनुष्य पुष्कळदा त्या व्यक्तीकडे पाहत नाही, स्वतःच्या प्रेमाकडेच पाहतो. प्रेम मोठे, म्हणून वस्तूही मोठी असावी असे त्याला वाटते. यात पाप नाही. परंतु याचे फळ कोणाला तरी भोगावे लागते, आणि बहुधा ते देणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

मी एक जुनी स्की आहे. वयाने नव्हे, उपयोग सरला की वस्तू जुनी होते, त्या अर्थाने जुनी. बर्फावरून घसरत उतरण्यासाठी बुटाखाली अडकवायची, पुढे चोचीसारखी वर वळलेली लांब पट्टी म्हणजे स्की. माझी जुळी बहीण माझ्या तळाला तळ लावून असते. आम्ही दोघी मिळून एकच, म्हणून बोलते मी एकटीच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातला. हलक्या, चिवट लाकडाचा माझा कणा. त्याच्यावर काचतंतूंचे थर, कडांना पोलादाची धार, तळाला मेण पिणारे काळे अस्तर. ज्या कारागिरांनी मला घडवले त्यांच्या मनात एक माणूस होता. तो सहा फुटांहून उंच, अंगाने भक्कम आणि मांडीएवढ्या भुसभुशीत बर्फात निर्भयपणे उतरणारा होता. त्याच्यासाठी त्यांनी मला लांब केले, कमरेत रुंद केले आणि मुद्दाम ताठ ठेवले. माझ्या पाठीवर त्यांनी आकडेही छापले. पहिला लांबीचा, एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. मग चोच, कंबर आणि शेपूट यांच्या रुंदीचे तीन, आणि शेवटी मी केवढ्या मोठ्या वर्तुळात वळते ते सांगणारा एक. हे आकडे माझी थोरवी सांगत नाहीत. मी कोणासाठी आहे, एवढेच सांगतात. दुर्दैव असे, की आकडा दिसला की तो जितका मोठा तितका चांगला, असे समजणारे जगात फार आहेत.

तसे एक सज्जन गृहस्थ मला भेटले. त्यांचे नाव वीरभद्रप्पा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे यंत्रमाग आणि लागूनच दुकान आहे; मागांवर टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. टॉवेल नुसता हातावर टाकला की ते न तोलता त्याचे वजन सांगत. लांबीला भरपूर, रुंदीला ऐसपैस आणि हाताला भारी, तो माल उत्तम, ही त्यांची कसोटी. टॉवेलापुरती ती खरीच होती.

सिद्धेश्वरी त्यांची एकुलती मुलगी. महाविद्यालयातून ती एकदा हिमाचलात शिबिराला गेली आणि तेथे तिला बर्फाचे वेड लागले. पुढच्या हिवाळ्यांत पुन्हा पुन्हा जाऊन ती स्की शिकली. सोलापूरच्या उन्हात हा विषय निघाला की कारखान्यात हशा होई. माग दुरुस्त करणारे मानसिंग तिला म्हणत, "ताई, घसरायला हिमालय कशाला? आमच्या न्हाणीत साबण सांडलाय की." तीही हसे. पण उतार दिसला की तिचे गुडघे आपोआप किंचित वाकत, हे तिच्या आईने, गुरम्मांनी, केव्हाच ओळखले होते.

राज्याच्या संघासाठी निवड चाचणी ठरली. वयाच्या अटीमुळे तिला ती एकदाच देता येणार होती, आणि स्की स्वतःची आणायची होती. वीरभद्रप्पा व्यापाराच्या कामाने दिल्लीला निघालेच होते. तिने त्यांना नीट समजावून सांगितले होते. जमिनीवर उभी केली तर माझ्या हनुवटी आणि कपाळाच्या दरम्यान येईल एवढीच उंच, कमरेत अरुंद आणि लवचीक घ्या, मोठी नको. बाइंडिंग नावाचा जो खटका बुटाला स्कीशी जोडतो, तो धरलेला आहे का, हेही विचारा, कारण पुष्कळदा किमतीत नुसत्या पट्ट्याच असतात.

वीरभद्रप्पांनी सारे ऐकले, आणि त्यातला एकच शब्द त्यांच्या काळजाला लागला. मोठी नको. मित्रांनो, त्यांच्या दुकानी चादर घ्यायला येणारी गरीब बाई नेहमी म्हणते, लहानच द्या, मोठी नको. ती संकोचाने तसे म्हणते हे ओळखून ते तिला त्याच दरात मोठी देत. याच पुण्याईवर त्यांचे नाव चालले होते. आता आपली मुलगीही बापाच्या खिशाला जपून बोलते आहे, असे त्यांनी मानले, आणि डोळ्यांतले पाणी लपवत ते गाडीत बसले.

दिल्लीच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या चिठ्ठीवरची मूळ किंमत लाल रेघेने खोडून खाली तिच्या निम्मी लिहिली होती. शेजारी एक आखूड, सडसडीत जोडी होती. तिच्या किमतीत खटकाही धरलेला होता. दुकानदाराने विचारले, की घालणाऱ्याची उंची किती, वजन किती, शिकून किती दिवस झाले. प्रश्न अगदी योग्य होते. पण विकणाऱ्याला आपली गरज कळू द्यायची नाही, कळली की तो भाव चढवतो, हे वीरभद्रप्पांच्या हाडात भिनलेले. घरचेच माणूस आहे, तुम्ही माल दाखवा, एवढेच ते म्हणाले.

मग त्यांनी ती जोडी आणि मला हातांवर तोलून पाहिले. आखूड जोडी त्यांना पोरखेळ वाटली. भाव निम्मा झाला म्हणजे काही खोट असणार, म्हणून त्यांनी माझ्या अंगावरून बोटे फिरवली, कडा पाहिल्या, तळ उन्हात धरला. टॉवेलात तुटलेला धागा शोधावा तसे त्यांनी मला तपासले. खोट सापडली नाही, कारण ती माझ्यात नव्हतीच. एवढ्या लांब आणि ताठ स्कीला त्या दुकानात गिऱ्हाईक येत नव्हते, म्हणून मी स्वस्त होते. खोट नसेल तर भाव का पडला, हे मात्र एवढ्या मुरलेल्या व्यापाऱ्याने विचारले नाही.

खटका वेगळा घ्यावा लागला, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. लेकीने मापासाठी बरोबर दिलेला बूट त्यांनी पिशवीतून काढून दिला. दुकानदाराने त्या लहानशा बुटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा विचारले, की नक्की हीच बसवू? "बसवा," वीरभद्रप्पा म्हणाले. त्याने खांदे उडवले, माझ्या पाठीत भोके पाडली आणि तो खटका आवळला. त्या क्षणी मी कायमची तिची झाले, आणि तिची नव्हतेच.

सोलापुरात माझे स्वागत एखाद्या नव्या मागासारखे झाले. माझ्या चोचीवर विभूतीची तीन बोटे ओढली. कारखान्यात पेढे वाटले गेले. गुरम्मा माझ्यावरून हात फिरवून कानडीत "भाळ चलो अद" म्हणाल्या. फार छान आहे, असे त्यांना म्हणायचे होते. वीरभद्रप्पा प्रत्येकाला मला उचलायला लावत.

"बघा की वजन. त्याच पैशात दीडपट माल आणलाय."

सिद्धेश्वरी आली. तिने मला जमिनीवर उभे केले. माझी चोच तिच्या डोक्याच्या वीतभर वर गेली. तिने पाठीवरचे आकडे वाचले आणि दोन्ही हातांनी मला मध्ये दाबून पाहिले. मी वाकले नाही. मला वाकता येत नव्हते. तिने हात काढून घेतले. समोर वडील हातात पेढ्यांचा खोका धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की ज्याच्यापुढे खरे बोलणे क्रूर वाटावे.

"छान आहे, अप्पा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप दुकानात फोन केला. भोके पाडलेली स्की परत घेता येत नाही, असे उत्तर मिळाले.

चाचणीला वीरभद्रप्पा स्वतः गेले. त्यांनी आयुष्यात प्रथमच बर्फ पाहिला. आपल्याच कारखान्यातली चादर अंगावर लपेटून ते उताराच्या पायथ्याशी कुंपणाला टेकून उभे राहिले. वर मला पाहून प्रशिक्षक चकित झाले. त्यांनी तिला सांगितले, की ही तुझ्यासाठी नाही, तिकडे भाड्याच्या आहेत, नियमाचे मी पाहतो, पाच मिनिटांत बदलून ये. तिने खाली पाहिले. तो चादरीचा ठिपका हात हलवत होता. तिने मान हलवून नकार दिला.

मित्रांनो, मी बर्फावर एवढी एकच सकाळ घालवली. वळणावळणाला रोवलेल्या काठ्यांमधून आम्हाला उतरायचे होते. पहिले वळण तिने केवळ कौशल्यावर काढले. पुढच्या वळणाला तिने आपले सारे वजन माझ्या कडेवर टाकले, पण ते मला वाकवायला पुरेसे नव्हते. मी ताठच राहिले आणि सरळ गेले. ती पडली, मी तिच्या पायासकट वळले, आणि तिच्या गुडघ्यातून जो आवाज झाला तो माझ्या लाकडापर्यंत पोहोचला.

शस्त्रक्रिया झाली. ती चालू लागली. पण वैद्यांनी स्की कायमची बंद केली. आता ती कारखान्याच्या कार्यालयात बसते आणि जिना उतरताना कठडा धरते. मला मागांच्या खोलीत खिडकीवरच्या दोन खुंट्यांवर आडवे टांगले गेले. माझ्या कडांना गंज चढला, तळ मेणावाचून पांढरा पडला. सुताची बारीक धूळ दिवसभर उडत असते, ती येऊन माझ्यावर बसते. माझ्या वाट्याला आता तेवढीच पांढरी वस्तू आहे.

याहून कडू एक गोष्ट होती. कोणी पाहुणा आला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवले, की वीरभद्रप्पा दुःखाने पण ठामपणे सांगत, "माल एक नंबर आहे. पोरीलाच झेपला नाही." हे वाक्य कार्यालयाच्या काचेपलीकडे बसलेल्या सिद्धेश्वरीला दर वेळी ऐकू जाई. ती मान वर करीत नसे. मला वाचा असती, तर त्या एका वाक्यासाठी मी ती वापरली असती.

यंदा मानसिंगांची मुलगी आरोही जवळच्या मंद्रूप गावाहून वडिलांच्या दुचाकीवर बसून आली. सिद्धेश्वरीनेच तिला या खेळाची गोडी लावली होती. तिचे पहिले शिबिर झाले होते आणि दुसऱ्यासाठी ती स्कीच्या शोधात होती. वीरभद्रप्पांनी लगेच मला खुंट्यांवरून उतरवले आणि उपरण्याने पुसले.

"घेऊन जा गं पोरी. पैशाचं नाव काढायचं न्हाय."

मानसिंग भारावून गेले. "मालक, एवढी भारी वस्तू..."

"भारी हाय म्हणूनच. आमच्या सिद्धव्वाला झेपली न्हाय. तुझी काटक हाय."

आरोहीने हात पुढे केले. तेवढ्यात कार्यालयाचे दार उघडले. सिद्धेश्वरी आपल्या संथ चालीने आली, तिने मला वडिलांच्या हातांतून काढून घेतले आणि आरोहीच्या शेजारी उभे केले. आरोही तर सिद्धेश्वरीहूनही चार बोटे ठेंगणी होती.

"ही द्यायची नाही, अप्पा."

वीरभद्रप्पांना वाटले, लेकीचा जीव अजून माझ्यात अडकला आहे. ते समजुतीच्या सुरात काही बोलू लागले. तिने त्यांना थांबवले आणि माझ्या पाठीवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. ही लांबी कोणाची, ही रुंदी कसल्या बर्फासाठी, हे वळण केवढे, हे ती माग सुरू असतानाही सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत गेली. अखेरीस म्हणाली, "टॉवेल मोठा आला तर माणूस घडी घालतो, अप्पा. हिची घडी होत नाही. हिला अंगाच्या वजनानं वाकवावं लागतं, आणि माझं तेवढं वजन नव्हतं. निम्म्या भावात मिळाली, कारण तिथं ती कुणालाच चालत नव्हती."

मानसिंगांनी जाऊन जवळचा माग बंद केला. वीरभद्रप्पांनी मला लेकीच्या हातून घेतले. त्यांनी मला हातांवर तोलले, दिल्लीत तोलले होते तसेच, आणि मग हळूच खाली टेकवले.

"मग तवाच का न्हाय बोललीस?"

"तुम्ही पेढे वाटत होता."

वीरभद्रप्पांनी क्षमा मागितली नाही. त्या पिढीच्या बापांना ते शब्द येत नाहीत. ते कापड मापायची फीत घेऊन आले, आरोहीला भिंतीला टेकून उभे केले आणि जमिनीपासून तिच्या हनुवटीपर्यंत माप घेतले. मग कपाळापर्यंत. दोन्ही आकडे त्यांनी लेकीकडे पाहून मोठ्याने म्हटले. तिने मान डोलावली.

"वजन किती तुझं?" त्यांनी आरोहीला विचारले, आणि उत्तर पाठ करावे तसे पुटपुटले. मग म्हणाले, "सिद्धव्वा, दुकानात फोन तूच लाव. ते विचारतील ते समदं सांग. काही लपवू नको."

मला पुन्हा खुंट्यांवर ठेवले गेले. मी वाईट नव्हते, मित्रांनो. मी दुसऱ्याची होते. तुम्ही जेव्हा कोणासाठी काही घ्याल, तेव्हा आधी त्याच्या शेजारी उभे राहून त्याची उंची पाहा. आणि तुम्हाला कोणी चुकीचे दिले, तर पेढे तोंडात असतानाच बोला. जिभेने गिळलेले सत्य गुडघ्याला भोगावे लागते, हे मी आतून ऐकले आहे.

आता पाहुण्याने बोट दाखवले तर वीरभद्रप्पा माझ्याविषयी बोलत नाहीत. ते काचेपलीकडे पाहतात आणि विषय बदलतात.

ज्याने प्रेमापोटी चुकीचे दिले, त्याच्या हातांना उरलेल्या आयुष्यात योग्य माप सापडो. जिने प्रेमापोटी ते स्वीकारले, तिला जिना उतरताना कठड्याची गरज न उरो. आणि जी लहानगी आता बर्फाकडे निघाली आहे, तिच्या पायाखालची स्की तिच्या वजनाने वाकणारी असो.