अध्यक्षबाईंचा पहिला मुद्दा

२००५ च्या दिवाळीनंतर डॉ. रेणुका राज्याच्या सीमेवरच्या आपल्या गावी, बोथला आली, ती दोनच दिवसांसाठी. बोथच्या शाळेतल्या माणिकराव गुरुजींची ही मुलगी. गुरुजी वारले, घर विकलं गेलं, आणि ती हैदराबादहून लंडनला गेली त्यालाही पंधरा वर्षं होऊन गेली होती. आता रक्ताच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेची ती अध्यक्ष म्हणून निवडून आली होती. जानेवारीत कारभार हाती घ्यायचा होता. त्याआधी, संस्था कशी वाढवायची आणि कोणत्या कामाला आधी हात घालायचा, याचं भाषण लिहून द्यायचं होतं.

सकाळीच ती अमृतरावांच्या घरी आली. अमृतराव सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं लॅब टेक्निशियन होते, त्याच वर्षी रिटायर झालेले. १९८८ साली रेणुकानं हैदराबादच्या एका संशोधन संस्थेसाठी जवळच्या तलमडुगुकडच्या बौद्ध वस्त्यांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा सर्व्हे केला तेव्हा रक्त काढायचं काम त्यांनीच केलं होतं. तीनशे बारा माणसांचं रक्त. त्या सर्व्हेवर तिचा निबंध परदेशात छापून आला आणि त्याच निबंधावर तिला लंडनची नोकरी मिळाली.

"तुमच्यासमोर वाचते," ती म्हणाली. "काही कमी-जास्त वाटलं तर सांगा."

सभासद दुप्पट करायचे, आपल्याकडे आणि आफ्रिकेत शाखा काढायच्या, तरुण संशोधकांना परिषदेला यायचा खर्च द्यायचा, असं बरंच होतं. ती इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची. अमृतरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांची बायको ताराबाई चहा ठेवून गेली.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

"तुम्ही नुसतं चांगलं हाय म्हणता तेव्हा काहीतरी राहिलेलं असतं. मला माहीत आहे."

अमृतरावांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट कधी देनार?"

"कुणाचे?"

"अठ्ठ्याऐंशीचे. तुमी तर गेल्या. लोकं मले इचारत. बजारात भेटले की इचारत, बशीत भेटले की इचारत. मी सांगो, येतीन. पाच-सा वर्सं तेच सांगतलं. मंग लोकायनं इचारनंच सोडलं."

रेणुकाला वाटलं होतं हैदराबादची संस्था कळवेल. संस्थेला वाटलं होतं दवाखाना कळवेल. दवाखान्याकडे कागदच आला नव्हता. नावांच्या जागी नंबर टाकून सगळी माहिती कपाटात गेली, आणि तसं करणं कुठल्याच नियमात चुकीचं नव्हतं.

तिनं पेन काढलं आणि भाषणाच्या कागदावर सगळ्यात वर, समासात, मराठीतच लिहिलं : ज्यांचं रक्त घेतलं त्यांना निकाल सांगणे.

"हा पहिला मुद्दा," ती म्हणाली. "सगळीकडे. आपल्या संस्थेचा सभासद व्हायचं असेल तर हे आधी. आणि सुरुवात आपण आजच करू. नावांची आणि निकालांची जुनी यादी माझ्या लॅपटॉपवर आहे."

अमृतरावांनी सदरा बदलला. सतरा वर्षांनी त्यांना त्या वस्त्यांमध्ये जायची लाज वाटणार नव्हती.

पहिली वस्ती तलमडुगुपासून आत होती. सगळीकडे कापूस फुटलेला, त्यामुळे माणसं वावरात होती. समाजमंदिराच्या ओट्यावर म्हातारी देवकाबाई बसली होती. तिनं रेणुकाला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तू थेच ना व, रगत घेऊन बिस्किटं वाटे ते?"

"हो, मावशी. तीच."

"मंग जाय भागीरथाकडं. तिची पोर लय बिमार हाय. तू डाक्टर हायस त पाह्य."

भागीरथा पलीकडच्याच घरात होती. तिशीची बाई. सर्व्हेच्या वेळी ती तेरा वर्षांची होती, अमृतरावांना तिचा चेहरा आठवत नव्हता. बाजेवर नऊ वर्षांची मुलगी गोधडी घेऊन पडली होती. डोळे हळदीसारखे. गुडघे पोटाशी घेऊन ती हळू कण्हत होती. नाव बयना.

"थंडी पडली की हिचे हाडं दुखते," भागीरथा म्हणाली. "डाक्टर सुई देते, दोन दिस बरं राह्यते. हिच्याहून मोठा पोरगा व्हता. सा वर्साचा गेला. त्याचं बी असंच व्हतं. गावचे लोक म्हनते, घरात काही हाय."

रेणुकानं मुलीचं पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. तिला रक्त तपासायची गरज नव्हती, आणि अमृतरावांनाही नव्हती. तिनं लॅपटॉप उघडला, मांडीवर घेतला.

"तुझं माहेर?"

"हेच गाव. दौलत माह्या मामाचा पोरगा, त्यालेच देल्लं. तो कापूस येचाले गेला."

रेणुकानं यादीत भागीरथा शोधली. मग दौलत शोधला. दोन्ही नावं एकाच पानावर होती, आठ नावांच्या अंतरानं. तिनं स्क्रीन अमृतरावांकडे वळवला. दोघंही वाहक.

"भागीरथा," रेणुका खाली बसली, "तुझ्या आणि दौलतच्या रक्तात एक दोष आहे. अर्धा-अर्धा. तुम्हाला दोघांना त्याचा काहीच त्रास नाही, होणारही नाही. पण दोघांचा अर्धा-अर्धा लेकरात एकत्र आला की हा आजार होतो. घरात काही नाही. कुणी केलं नाही. तुझं काही चुकलं नाही."

भागीरथा ऐकत होती. तिनं पोरीच्या पायावरची गोधडी सारखी केली.

"हे तुमाले आता कयलं?"

रेणुकाला खोटं बोलता आलं असतं. अमृतराव तिच्याकडे पाहत होते.

"नाही," ती म्हणाली. "एकोणनव्वदला."

"माहं लगन त्र्यान्नवले झालं."

बाहेर देवकाबाई कुणाला तरी सांगत होती की बिस्किटवाली बाई आली. भागीरथा उठली, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि रेणुकासमोर ठेवला. "प्या," म्हणाली. रेणुका पाणी प्यायली.

त्या दिवशी आणखी घरं करायची होती, ती केली नाहीत. रेणुकानं स्वतःच्या गाडीतून मायलेकींना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं, नागपूरच्या एका डॉक्टरला फोन लावून औषध लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं अमृतरावांना सांगितलं, "मुद्दा मंजूर झाला की इथं कायमचा माणूस ठेवू. औषधही संस्थाच देईल. जानेवारीपर्यंत तेवढं बघा."

अमृतरावांनी बघितलं. दर आठवड्याला ते बसनं वस्तीत जात, गोळ्या देत, पाणी कमी पडलं की दुखणं उठायचं म्हणून पोरीनं किती प्यायलं ते विचारत. बयना त्यांना ओळखू लागली. तिला शाळेत जायचं होतं, आणि एकदा ती आठ दिवस सलग गेलीही.

डिसेंबरच्या शेवटी लंडनहून फोन आला.

"अमृतराव, पहिला मुद्दा राहिला नाही."

"म्हंजे?"

"कार्यकारिणीत पाच तास वाद झाला. जुन्या सर्व्हेचे निकाल आता सांगितले तर लोक कोर्टात जातील, असं वकील म्हणाले. प्रत्येक संशोधनाचा खर्च वाढेल, सभासद सोडून जातील, असंही. संस्था वाढवायला आलीस की बुडवायला, असं एकानं तोंडावर विचारलं. मी बदललेल्या मसुद्यावर सही केली. नाहीतर राजीनामा द्यावा लागला असता, आणि मग जे थोडं करता येईल तेही झालं नसतं. चौथ्या मुद्द्यात एक वाक्य ठेवलंय, लोकांशी संवाद वाढवण्याबद्दल."

"अन् माणूस? औषध?"

"मी माझ्याकडून पाठवीन. जमेल तसं."

अमृतराव तिच्यावर रागावले नाहीत. माणिकराव गुरुजींच्या मुलीला त्या खुर्चीपर्यंत जायला काय काय गिळावं लागलं असेल, हे त्यांना ठाऊक होतं. पण फोन ठेवल्यावर ताराबाईनं दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाई. मॅडम खुर्चीवर बसून राह्यल्या."

बयना फेब्रुवारीत गेली. ताप आला, छातीत दुखू लागलं, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या गटाचं रक्त संध्याकाळपर्यंत मिळालं नाही. दौलतनं तिला बसमधूनच परत आणली, मांडीवर, झोपल्यासारखी.

मार्चमध्ये एक पाकीट आलं. आत तीनशे बारा नावांची यादी, प्रत्येकापुढं निकाल. चिठ्ठी नव्हती. रेणुकानं हे कुणाला न विचारता पाठवलं होतं, हे अमृतरावांना कळलं. ते यादी घेऊन निघाले. अर्धी माणसं गावात नव्हती, कुणी निजामाबादला, कुणी यवतमाळकडे, बरीचशी जगातच नव्हती. ज्या मुली तेव्हा पाळण्यात होत्या त्या आता लग्नाच्या झाल्या होत्या, म्हणून त्यांनी त्यांच्यापासून सुरुवात केली. तिसऱ्याच घरी प्रयागबाई भेटली. तिच्या मुलीची सोयरीक झालेली, तारीख धरलेली. अमृतरावांनी मुलगी वाहक असल्याचं सांगितलं, मुलाचं रक्त तपासून घ्या म्हणाले, भ्यायचं काही नाही म्हणाले. प्रयागबाईनं भोळेपणानं ते मुलाकडच्यांना सांगितलं. त्यांनी तपासणी केलीच नाही, सोयरीक मोडली. पंधरा दिवसांत पंचक्रोशीत बोभाटा झाला की अमुक-अमुक पोरींच्या रक्तात खोट आहे, अमृतरावाच्या कागदावर लिहिलंय.

त्यानंतर ज्या वस्तीत ते जात तिथं दारं ओढून घेतली जात. देवकाबाईनं त्यांना समाजमंदिरासमोरच अडवलं.

"कागद फाडून टाक, अमृता," ती म्हणाली. "आमी इचारून राह्यलो व्हतो तवा देल्ला नाई. आता आमाले नको."

यादी त्यांनी फाडली नाही, पण पुन्हा घेऊन गेलेही नाहीत.

जूनमध्ये रेणुकानं संस्थेची पत्रिका पाठवली. वर तिचा फोटो, साडीतला. सहा महिन्यांत अकराशे नवे सभासद झाले होते. भारतातली शाखा दिल्लीत उघडणार होती. अमृतरावांना मानद सभासद केल्याचं प्रमाणपत्रही सोबत होतं. ताराबाईला ते भिंतीवर लावायचं होतं. त्यांनी नको म्हटलं.

पावसाळा सरत आला तेव्हा भागीरथा बोथच्या बाजाराला आली आणि त्यांच्या घरी आली. वरांड्यात बसली. सहावा महिना चालू होता, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

"पोटातलं तपासता येते म्हनते, काका."

"येते. हैदराबादले. पन तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. आता टाइम गेला."

"मले कोनी सांगतलं नाई."

अमृतरावांनी मान खाली घातली. हे तिला त्यांनीच सांगायला हवं होतं. दारं बंद झाल्यावर ते तिच्याकडेही गेले नव्हते.

"सगळ्याच लेकरायले होते का हे?"

"नाई. चारातल्या एकाले होते. तिघं चांगले निघते."

भागीरथानं ते मनाशी घोळवलं. पिशवीतली भाजी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दोघं तर गेले," ती म्हणाली. "म्हंजे आता हे चांगलं निघन ना?"

तसं नसतं, हे अमृतरावांना माहीत होतं. दर लेकराला चारातला एक पुन्हा पहिल्यापासून मोजायचा असतो. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"तसं नसते, भागीरथा," ते म्हणाले. "दर येळी तेवढंच राह्यते."

तिनं पिशवी उचलली. मग ताराबाईला, येते, म्हणाली आणि तलमडुगुची बस गाठायला निघाली.