पेचकस आठवर होता

मित्रांनो, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या सगळ्यात खालच्या खणात पडलेला जुना पेचकस म्हणजे मी. मान मोडलेल्या माणसाच्या डोक्याभोवती धातूचं कडं बसवतात, मान तसूभरही हलू नये म्हणून. त्या कड्याच्या पिना मी कवटीवर आवळतो. माझ्या मुठीवर आकडे आहेत. लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की मी ‘कट्’ करून थांबतो. मोठ्यांना आठ. लहानग्यांना दोनच, कारण त्यांची कवटी पातळ असते.

आमच्या सिस्टर मला देताना आकडा मोठ्याने वाचायच्या आणि डॉक्टरांनी तो परत म्हटल्याशिवाय मला सोडायच्या नाहीत. डॉक्टर वैतागायचे. “सिस्टर, मी काय शाळेत आहे का?” खरं सांगू, मलाही राग यायचा. इतकी वर्षं चोख काम करूनही माझ्यावर भरवसा नाही?

एकदा सकाळी एका ट्रकचालकाचं कडं बसवलं. दुपारी चार वर्षांची मुलगी आली. झोपाळ्यावरून पडून तिच्या मानेचे वरचे दोन मणके सरकले होते. “घरी भिंगरी म्हणतो हो आम्ही तिला,” आई दाराशी सांगत होती, “आणि आता हातपायसुद्धा जेमतेम हलवतेय.”

मुलीला भूल दिली. डॉक्टरांनी हात पुढे केला. “द्या लवकर!”

मी आठवरच होतो. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? माझा जीव टांगणीला लागला.

“आठ,” सिस्टरांनी वाचलं.

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. “दोन,” ते हळूच म्हणाले.

सिस्टरांनी माझी मूठ फिरवली. दोघांनी वाकून आकडा पाहिला. मोठ्यांना चार पिना पुरतात, तिला दहा लावल्या, म्हणजे जोर वाटला जातो. मग तिला जपून पालथं निजवून डॉक्टरांनी ते दोन मणके बारीक तारेने जोडले.

शुद्धीवर आल्यावर भिंगरीने पाय झाडला. आई हमसून हमसून रडली.

“सिस्टर, चार शब्द सुनावा तरी मला,” हात धुताना डॉक्टर म्हणाले.

“मी कुठल्या तोंडाने सुनावू? सकाळी आठवर ठेवून मीच विसरले होते.”

आता नवा पेचकस आला आहे. माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. हत्यार नुसतं पुसून ठेवू नका, वापरण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. त्या दुपारी कोणी वाचलं नसतं, तर मी आठापर्यंत आवळलं असतं. अगदी बिनचूक.