आजारी इकडे, धडधाकट तिकडे

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. हिरवा, जाडाभरडा आणि आता आरोग्य केंद्रातल्या कपाटात घडी होऊन पडलेला. नाकं मुरडू नका हं! नाटकाचा पडदा वर गेला की टाळ्या पडतात. दवाखान्याच्या पडद्यासाठी कोण टाळ्या वाजवणार? माझ्यासाठी एकदा वाजल्या होत्या. पण त्या आठवल्या की मला माझ्याच घडीत तोंड लपवावंसं वाटतं.

माझा जन्म मनिराम कोष्ट्याच्या मागावर झाला. "पोत असं जमलं का नातवापर्यंत फाटनार नाही," असं तो म्हणाला, तेव्हा मी किती फुगलो होतो! गोंदियाच्या बाजारात माझा सौदा झाला आणि रेल्वेत बसून मी सालेकशाकडच्या एका जंगलातल्या गावी आलो. देश स्वतंत्र होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. गावात नवं कोरं आरोग्य केंद्र उघडलं होतं. चुन्याचा वास अजून गेला नव्हता.

त्या केंद्रात एकच मोठी खोली आणि माणसं दोन. एक ईश्वरदास डॉक्टर. त्यांचं काम आजाऱ्याला बरं करण्याचं. दुसरे केवलराम, देवीची लस टोचणारे. त्यांचं काम चांगल्या माणसाला आजारी पडूच न देण्याचं. तोवर दोघांची खाती वेगळी होती, साहेब वेगळे होते. आता दोघांना एका छपराखाली बसवलं, आणि पहिल्याच आठवड्यात जुंपली.

"अरे भाई, तुम्हारे बच्चे इतना रोते हैं, मला छातीचे ठोके ऐकू येत नाहीत!" डॉक्टर ओरडले.

"आन तुमचे पेशंट माह्या पोरायच्या तोंडावर खोकलतात, त्याचं काय?" केवलराम कशाला ऐकतात!

खरं सांगू? केवलरामांचं चुकीचं नव्हतं. म्हणून तर मला आणलं. खोलीच्या मधोमध तार बांधली, मला त्यावर चढवलं, आणि नियम ठरला. आजारी इकडे, धडधाकट तिकडे. डावीकडे डॉक्टर, उजवीकडे केवलराम. लोकांनीही तो लगेच उचलला. कुणी चुकून खोकत उजवीकडे शिरलं, तर बायाच हाकलायच्या, "इकडं कायले येतं गा? तुही बाजू तिकडं हाय!"

एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी मला बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "वा! कामाची काय सुंदर वाटणी!" सोबतच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाऱ्यावर असा डुललो, असा डुललो की विचारू नका.

मग मोहाचे दिवस आले. गाव पहाटेच फुलं वेचायला रानात जायचं. अशा एका सकाळी शेजारच्या गावाहून शामकला नावाची बाई आली. तिचा सहा वर्षांचा मुलगा सेवकराम तिच्या खांद्यावर होता. धाकटी प्रेमिला अजून दूधपिती. तिला सासूजवळ देऊन बाहेर कडुलिंबाखाली बसवलं होतं. धडधाकट लेकरू डावीकडे आणायचं नाही, हा नियम शामकलाला पाठ होता ना!

सेवकरामच्या अंगावर देवी आल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. औषध दिलं, वेगळं निजवायला सांगितलं. शामकला जाता जाता थांबली.

"आन लहान पोरीले काही द्याचं का, साहेब?"

"बीमार आहे का ती? नाही ना? मग ती पडद्याच्या पलीकडची."

ती बाहेर गेली. मुलाला सासूजवळ ठेवलं, मुलीला उचललं आणि उजवीकडून आत आली. माझ्या एका अंगाला डॉक्टर, दुसऱ्या अंगाला केवलराम. मध्ये फक्त माझी जाडी! पण पोरांच्या रडण्यात इकडचं तिकडे ऐकू जात नव्हतं.

"आज तुमच्या गावाचा वार नाही, बाई," केवलराम म्हणाले. "तिसऱ्या मंगळवारी मीच गावात येतो."

"पर भाऊ, घरी पोराच्या अंगावर..."

"आजाराचं तिकडं सांगा. इकडं फक्त टोचनं."

"तिकडचे इकडं धाडतात, इकडचे तिकडं! लगनातला अंतरपाटही इतका वेळ नाही धरत, बाप्पा!"

सगळे हसले. केवलरामही हसले. प्रेमिलासुद्धा उगाच खिदळली आणि तिनं माझी किनार मुठीत धरली. लस तिथेच होती, मित्रांनो, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. दाराशी देवी आल्यावरही लवकर टोचलं तर लेकरू वाचतं, हे केवलरामांना माहीत होतं. घरात देवी आल्यात, हे डॉक्टरांना माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र ठाऊक असलेला त्या खोलीत एकटा मीच होतो. आणि मी काय करत होतो? लोंबकळत होतो!

शामकला मुलीला घेऊन निघून गेली.

त्या तिसऱ्या मंगळवारी केवलराम तिच्या गावाहून परतले ते चप्पल न काढता आत आले. त्यांनी मला ओढून बाजूला सारलं.

"डाक्टरसाहेब, त्या पोराचं मले सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं का?"

"आता पोरीले निघाल्या. डोयातही."

डॉक्टर उठले, आणि दोघांनी मिळून मला तारेवरून उतरवलं. तेव्हापासून मी कपाटात आहे. प्रेमिला वाचली. पण तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्यानं तिला आता दिसत नाही.

त्यानंतर दोघांनी एक नवी सवय लावून घेतली. कुणीही येवो, पहिला प्रश्न एकच, "घरी आणखी कोण कोण आहे?" लोक चिडवायचे, "काटा काढाले आलो, आन हे सोयरीक जुळवाले बसले!" मला मात्र कपाटातून ते ऐकून बरं वाटायचं. लाज थोडी हलकी व्हायची.

पण पुढच्या वर्षी सेवकरामला ताप आला म्हणून शामकला पुन्हा आली. प्रेमिला कडेवर होती. डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "घरी आणखी कोण आहे?"

"तवा काऊन नाही इचारलं, साहेब?"

आवाज मोठा नव्हता. डॉक्टरांनी कानातली नळी काढून टेबलावर ठेवली.

मग तीच म्हणाली, "सासू हाय. मालक हाय. आन एक पोटात हाय. ते बाहेर आल्यावर कोन्या बाजूले आनू?"

"कुठंच नोको आनू, बाई," केवलराम खाली बघत म्हणाले. "मीच येतो तुह्या घरी."

मित्रांनो, अंतर ठेवायला पडदा लागतो, ते मी नाकारत नाही. खोकला अडवायला मला जरूर टांगा. पण माझ्या एका अंगाचं बोलणं दुसऱ्या अंगाला पोचवायला माणूसच लागतो. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. दोन पावलं चालून पलीकडे जा आणि सांगा, "त्या बाईचं एक लेकरू आजारी आहे, दुसरं बाहेर झाडाखाली बसलं आहे."