सुमिए सेन्सेईंची कवायत

सकाळचे सहा वाजले की सुमिए दाराशी येऊन उभी. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, बुटांच्या नाड्या घट्ट आवळलेल्या. दोनदा दार ओढायची, तिसऱ्यांदा मान वर करून बघायची. वर नवंकोरं कुलूप होतं आणि त्याची किल्ली नवऱ्याच्या गळ्यात, बनियनच्या आत.

"अहो, उघडा ना. लोक खोळंबलेत."

"आज रविवार आहे," इवाओ अंथरुणातूनच थाप मारायचा.

"मग? रविवारी लोकांचे हातपाय सुट्टीवर जातात का?"

जीभ अजून तशीच धारदार होती बाईची. वार, महिना, लेकीचं गाव, गॅसवर ठेवलेलं पातेलं, सगळं निसटत चाललं होतं. जीभ आणि पाय तेवढे शाबूत. आणि सगळी पंचाईत त्या पायांचीच होती.

तीस वर्षं तिने वसाहतीसमोरच्या बागेत रेडिओवरची कवायत घेतली. साडेसहाला पियानो वाजायला लागला की लाकडी खोक्यावर सुमिए, समोर पंचवीस-तीस म्हातारे-म्हाताऱ्या. संपली की प्रत्येकाच्या कार्डावर हजेरीचा शिक्का. "चाला, हातपाय हलवा, डोकं ताजं राहील," हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक तिला आदराने सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचे. नगरपालिकेने तर तिचा फोटो आणि खाली तेच वाक्य असं पत्रक छापून घरोघर वाटलं होतं.

इवाओने मात्र जन्मात हात वर केला नाही. अडतीस वर्षं भिंगांच्या कारखान्यात बसून काम केलं, निवृत्त झाल्यावर शोगीच्या पटासमोर बसून प्यादी हलवत सिगारेटी ओढल्या. "तुमचा मेंदू गंजणार बघा," ती म्हणायची. त्याचे गुडघे गंजले, मेंदू चकचकीत राहिला. डॉक्टर म्हणाले, व्यायामाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही; त्यांनी एवढं केलं नसतं तर हे कदाचित दहा वर्षं आधीच आलं असतं. इवाओला ते पटलं. पण राग काही जाईना, आणि तो काढायचा कुणावर हेही कळेना.

वसंतात एके दिवशी ती निघून गेली. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कठड्याला धरून तो एक जिना उतरेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. संध्याकाळी पोलिसांचा फोन आला, अठरा किलोमीटरवर नदीच्या बांधावर सापडली म्हणून. दमलीबिमली अजिबात नव्हती. "काय पाय आहेत हो आजींचे!" तो पोलीस कौतुकाने म्हणाला. इवाओ त्याच्यापुढे दहा वेळा वाकला आणि दुसऱ्याच दिवशी कुलूप घेऊन आला. बागेतल्या लोकांना सांगितलं, सेन्सेईंचा पाय मुरगळलाय.

तेव्हापासून दोघंही आत. ती दिवसभर चालायची. स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत बारा पावलं, तिथून परत दाराशी बारा. रात्रीसुद्धा. त्याची झोप उडाली. आंघोळीला बसला तरी एक कान दाराकडे. सिगारेट आणायला खाली जायचीही सोय राहिली नाही. किल्ली त्याच्या गळ्यात होती एवढाच काय तो फरक, नाहीतर कैदी दोघंही.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुवाबाराबाई मुरवलेल्या आलुबुखारांची बरणी घेऊन आल्या. त्याने दार वीतभर उघडून अंगाने अडवलं.

"सेन्सेईंचा पाय मुरगळलाय म्हणता, मग आमच्या डोक्यावर दिवसभर कोण चालतं?"

"मी."

"तुम्ही?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगंबाई! इवाओ-सान चालायला लागले!" बाई हसत हसत जिना उतरल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या वसाहतीत पोचली असणार, याची त्याला खात्री होती. पोचू दे. खरी बातमी पोचण्यापेक्षा ही बरी. तीस वर्षं जिने साऱ्या गावाला डोकं ताजं ठेवायला शिकवलं, तिलाच हे व्हावं, याची त्याला विलक्षण लाज वाटायची. तिच्या वतीने वाटायची, आणि म्हणून जास्तच.

आशा एकच होती. नगरपालिकेची तपासनीस घरी येऊन बघणार होती. बाईंना देखभालीची गरज आहे असा कागद निघाला की आठवड्यातून तीन दिवस वृद्धांच्या केंद्राची गाडी येणार, सुमिएला नेणार, तिथे सोबतीने हिंडवूनफिरवून संध्याकाळी आणून सोडणार. तीन दिवस! इवाओ झोपू शकला असता. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ शकला असता. आणि तिला आभाळ दिसलं असतं. साप्पोरोहून लेकीने, चिहारूने, फोनवर बजावलं होतं, "बाबा, सगळं खरं सांगा हं. उगाच झाकत बसू नका."

"मी कशाला झाकू?" तो म्हणाला होता.

आणि तपासणीच्या सकाळी त्याने काय करावं? स्टुलावर चढून, गुडघे करकरत असताना, कुलूप काढलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसलं. परक्या बाईने घरात पाऊल टाकताक्षणी कुलूप बघावं, हे त्याला सोसवेना.

तपासनीस तरुण होती, नम्र होती. सुमिएने तिला बघितलं मात्र, आणि कुठून कोण जाणे, जुनी सुमिए अंगात आली. केस विंचरले, ओठांना रंग लावला, दोन्ही हातांनी चहा पुढे ठेवला.

"जन्मतारीख सांगाल का, सुमिए-सान?"

तिने सांगितली. बरोबर.

"आता ऋतू कोणता?"

"तुम्ही आत्ता घाम पुसलात की," सुमिए म्हणाली. "उन्हाळा."

"एका पायावर उभं राहता येईल?"

झालं! सुमिए उभी राहिली ती बगळ्यासारखी. तपासनीस मोजून थकली. मग सुमिए वळून म्हणाली, "अहो, आता तुम्ही." पाहुण्या बाईसमोर नाही कसं म्हणणार? इवाओ उठला आणि कपाटावर आदळला. दोघी हसल्या. कागदावर पेन चालत होतं, आणि इवाओला वाटत होतं, मेलो.

ती बाई शहाणी होती. निघताना त्याला हळूच जिन्यात घेऊन आली. "त्यांच्यासमोर बोलता येत नसेल ते इथे सांगा. बाहेर निघून जाणं, रात्री जागणं, असं काही?"

सगळं ओठांवर आलं होतं. अठरा किलोमीटर. बारा पावलं. तांदळाच्या डब्यातलं कुलूप. तेवढ्यात खालच्या पायऱ्यांवर खराट्याचा आवाज थांबला. कुवाबाराबाई कान देऊन उभ्या होत्या.

"वयाप्रमाणे विसरते थोडंफार," इवाओ म्हणाला. "बाकी ठणठणीत आहे."

महिन्याने पाकीट आलं. देखभालीची गरज नाही, असा शेरा होता. सोबत सल्ल्याचं पत्रक जोडलेलं: "चाला, हातपाय हलवा, डोकं ताजं राहील." वर फोटो सुमिएचा.

तो स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला. हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच कळेना. सुमिए बारा पावलं चालत आली, पत्रक बघितलं. "कोण हो ही? टोपी छान आहे," म्हणाली आणि बारा पावलं परत गेली.

"कुलपाचं सांगितलंत ना तुम्ही?" चिहारूने फोनवर विचारलं. त्याने पत्रकाची घडी घातली. "बाबा?" त्याने आणखी एक घडी घातली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पुन्हा अर्ज करता येईल. पण या वेळी तुम्हाला बोलावं लागेल. लोकांदेखत."

दुसऱ्या दिवशी सहाला सुमिए दाराशी उभी राहिली.

"अहो, उघडा ना. लोक खोळंबलेत."

इवाओने गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. तिचा हात धरला, मनगटापाशी, घट्ट. चार मजले उतरायला त्याला वीस मिनिटं लागली आणि ती प्रत्येक पायरीवर त्याला ओढत होती.

बागेत एकच गलका झाला. "सेन्सेई! पाय बरा झाला?" तिने हात सोडवून घेतला आणि खोक्यावर चढली. पियानो वाजला. हात वर, खाली, कमरेत वाकून, उड्या मारत. एक चूक नाही की एक ठोका चुकला नाही. कुवाबाराबाईंनी तर डोळे पुसले.

कवायत संपली. रेडिओ बंद झाला. लोक कार्डं काढून शिक्क्यासाठी रांगेत आले. सुमिएने त्यांच्याकडे बघितलं, शिट्टी वाजवली.

"चला, सुरू करू या. हात वर! एक, दोन, तीन, चार…"

लोक हसले, परत जागेवर गेले. गंमत वाटली त्यांना. पियानोशिवाय, तिच्या आवाजावर, दुसऱ्यांदा सगळी कवायत झाली. तिने टोपी सारखी केली, शिट्टी वाजवली.

"चला, सुरू करू या. हात वर!"

आता कुणी हसलं नाही. एकेकाचे हात खाली आले. तिसऱ्यांदा ती एकटीच वाकत होती, उड्या मारत होती, आणि सगळी बाग एकदा तिच्याकडे बघत होती, एकदा इवाओकडे.

"कधीपासून?" कुवाबाराबाईंनी विचारलं.

"विसरायला लागून दोन वर्षं झाली," इवाओ मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाय मुरगळलाच नव्हता. मी तिला कोंडून ठेवतो. दाराला कुलूप आहे. मला तिच्यामागे धावता येत नाही हो."

खोक्यावर सुमिए चौथ्यांदा सुरुवात करत होती. "हात वर!" ती ओरडली, आणि समोर एकही हात वर गेला नाही तेव्हा ती गोंधळली. तोंड उतरलं तिचं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

इवाओ लंगडत पुढे गेला, पहिल्या रांगेत उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

सुमिएने त्याला नीट निरखून पाहिलं. "नवीन दिसताय," ती म्हणाली. "उशीर केलात. असू दे. रोज येत जा."