पूर्ण शुद्धीत

त्याने बायकोच्या कपाळावरची पांढरी बट निळ्या टोपीत खोचली. ती लगेच बाहेर आली. त्याने पुन्हा खोचली.

"राहू दे रे," टेबलावर आडवी झालेली ती म्हणाली. "पित्ताशय काढायचंय, केस नाहीत."

धाकटी मास्कमधून हसली. त्याच्या हाताखाली भूलशास्त्र शिकलेली ही डॉक्टर. थिएटरमध्ये तिला सगळे धाकटीच म्हणत. आजची भूल तिच्याकडे होती. घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, हात थरथरला तर सावरता येतो, मन थरथरलं की संपलं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं आणि आज त्या शिकवणीचा त्याला चांगलाच जाच होत होता. उशाशी नुसतं उभं राहणं त्याला बापजन्मी जमलं नव्हतं. मॉनिटरकडे बघत तो "ऑक्सिजन जरा" एवढं म्हणाला, तोच धाकटीने अडवलं.

"सर, आज तुम्ही नातेवाईक आहात. नातेवाइकांसारखं वागा."

रुग्णालयात त्याला अंगाईकाका म्हणत, तेही तोंडावर. भूल देण्याआधी प्रत्येकाला तो विचारायचा, "बोला, कुठे जायचं?" कोणी समुद्रावर जायचं, कोणी आईच्या ओट्यावर. एका ट्रकचालकाने "बायकोचा फोन लागत नाही अशा ठिकाणी" असं सांगून अख्खं थिएटर हसवलं होतं. जागा कळली की हा त्या वाटेवर दोन वाक्यं सोबत करी आणि माणूस निर्धास्त झोपून जाई. झोपेच्या उंबरठ्यावर माणूस खोटं बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्याची बहुतेक मतं ठामच असत.

फक्त एका बाबतीत त्याने अजून मत दिलं नव्हतं. बायको वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली, तिचा सत्कार झाला, शाल कपाटात गेली, आणि त्याच आठवड्यात तिला डोंगरावरच्या रोपवाटिकेतून बोलावणं आलं. जंगलातून नाहीशी होत चाललेली झाडं बियांपासून वाढवायची. वर राहायला एक पत्र्याची खोली. निदान वर्षभर तरी राहावं लागेल, कारण बी आपल्या सवडीने उगवतं, माणसाच्या नाही. ती फुलून गेली होती. भांडी विसळता विसळता तिने त्याला सगळं सांगितलं, आणि त्याच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं.

"म्हणजे मला सोडून जाणार?"

"सोडून नाही रे बाबा. नुसती जाणार."

"फरक काय पडतो?"

"आधी मी कोणाची तरी मुलगी होते, मग बायको, मग आई, मग शेकडो पोरांची मॅडम. कोणाचीच कोणी नसताना मी कशी असते, ते मला एकदा बघायचंय. झाडं काही विचारत नाहीत."

"आणि माझं काय?"

"तू मला आवडतोस. म्हणून तर तुला विचारतेय. तुझ्या मनातून येऊ दे. तू तोंड पाडून बसलास, तर मी वर जाऊनही इथेच राहीन."

खरं म्हणजे ती त्याच्या होकारावाचूनही जाऊ शकली असती. तिला तो होकार हवा होता, एवढंच. आणि नेमका तोच त्याच्या घशात अडकला होता. मग पोटात दुखायला लागलं, सोनोग्राफीत खडे दिसले, आणि त्याला आयतंच निमित्त मिळालं. ऑपरेशन होऊ दे, मग बघू. हे तो इतक्यांदा म्हणाला, की शेवटी तिने विचारणंच सोडलं. ते जास्त वाईट होतं.

"मन शांत करणारं इंजेक्शन देतेय, मॅडम," धाकटी म्हणाली. बायकोच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. त्याने तिचा हात हातात घेतला आणि सवयीने तोंडून निघून गेलं,

"बोल, कुठे जायचं?"

"सगळ्यांना विचारतोस." तिची जीभ जराशी जड झाली होती. "आज तू सांग. कुठे पाठवतोस मला?"

सर्जन हात धुऊन आत आला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. टोपीत, चादरीखाली ती केवढीशी दिसत होती!

"डोंगरावर," तो म्हणाला. "तुझ्या खोलीत. खिडकी उघड. मी नाहीये तिथे. मी खाली घरात आहे, वेळेवर जेवतोय."

"नक्की?"

"नक्की. जा."

ती हसली. दुधासारखं पांढरं औषध नळीतून सरकलं आणि हसू तसंच ठेवून ती झोपली.

बाहेरच्या बाकावर बसून त्याने स्वतःचीच पाठ थोपटली. उगाच नाही. एवढा मोकळा श्वास त्याने कित्येक महिन्यांत घेतला नव्हता.

शुद्धीवर येताना तिने आधी पाणी मागितलं, मग विचारलं, "मी काही बरळले का रे? तू टोपी नीट करत होतास, तेवढं आठवतंय. मग एकदम हे छत."

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन सलाइन तपासायला घेतलं. मन शांत करणाऱ्या त्या इंजेक्शननंतरची मिनिटं बहुतेकांना आठवत नाहीत. वर्षानुवर्षं नातेवाइकांना हे तोच समजावत आला होता, आणि ऐन वेळी तोच विसरला होता! इतक्या कष्टाने काढलेला शब्द पाण्यात गेला होता. त्याला वाईट वाटलं. आणि वाईटाच्या मागोमाग, चोरपावलांनी, बरंही वाटलं. जिने ऐकायचं तिनेच ऐकलं नव्हतं. धाकटी आणि सर्जन बोलणाऱ्यांतले नव्हते. सगळं पुन्हा आधीसारखं करता येत होतं.

"बरळलीस की," तो म्हणाला. "झोप आता."

सकाळी तो आला तेव्हा ती उशीला टेकून चहाच्या कपाकडे बघत तोंड वाकडं करत होती. त्याने स्टूल ओढलं, पण बसला नाही.

"आज वार कोणता?"

"अं?"

"वार सांग."

"गुरुवार. वेड लागलंय का तुला?"

"आपण कुठे आहोत?"

"तुझ्या रुग्णालयात. आणि इथला चहा म्हणजे शिक्षा आहे."

"मी कोण?"

तिने कप खाली ठेवला आणि त्याला नीट न्याहाळलं. तो रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"माझा नवरा. अजून तरी."

"बरोबर." ती पूर्ण शुद्धीत होती, आता पळवाट उरली नव्हती. "मग ऐक. तू डोंगरावर जा. काल टेबलावर सांगितलं होतं, पण तू ऐकण्यासारखी नव्हतीस."

तिने अंगावरची चादर जराशी सारखी केली.

"काल तू घाबरून सांगितलं असशील."

"हो. काल घाबरलो होतो म्हणून सांगितलं." त्याने चष्मा काढला, उगाचच पुसला, पुन्हा घातला. "आज घाबरलोय, तरी सांगतोय."

तिने हळूच, टाके सांभाळत, पाय आखडून घेतले आणि पलंगावर त्याला बसायला जागा केली.